अहोजाहो

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मिठाचा ट्रक रस्त्यावरून खडखडत गेला
आणि ह्यांनी मला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं.

“बसा ना तुम्ही. उभ्या का?”
खुर्चीसुद्धा ओढून दिली.
चौपन्न वर्षांत कधी दिली नव्हती.

मी बसले.
तव्यावरची पोळी करपली.

तोवर चाललं होतं. म्हणजे मी चालवत होते.
दारांच्या मुठी उकलून, स्क्रू मापाप्रमाणे लावून
जेवणाच्या टेबलावर मांडलेले असायचे.
कॅलिपरने पोळी मोजायचे,
“एक पूर्णांक आठ. चालेल.”
स्केनेक्टडीत एकतीस वर्षं टर्बाइनची पाती मोजलेला माणूस,
त्याने ‘चालेल’ म्हटलं की बरं वाटायचं,
खोटं कशाला बोलू.

मग ‘अहो’ पोचेनासं झालं.
अहो हे काही नाव नव्हे,
नुसती हाक आहे,
कुणाची ते ठाऊक असेल तरच वळायचं.
कंपनीतले टिम म्हणायचे, तेही करून पाहिलं.
एका संध्याकाळी ओव्हरकोट आणि सपाता घालून
पुढच्या दाराशी उभे,
मुठीच्या भोकात बोट,
बाहेर गुडघाभर बर्फ.
अहो! अहो, ऐकलंत का!
काही नाही.
आणि माझ्या तोंडून सासूबाईंचा आवाज निघाला,
“त्रिंबू! मागे फिर!”

फिरला.
चिंचा चोरताना सापडल्यासारखा.

उखाण्याबाहेर जे नाव कधी घेतलं नाही
ते असं, ओरडून.
मी जीभ चावली, अगदी खरोखरची,
रात्री आमटी झोंबली.

आता आमची अहोजाहो उलटी झालीय.
मी अरे-तुरे करते,
तो मला बसा, घ्या, राहू द्या म्हणतो.

गुरुवारी लायब्ररीच्या तळघरात
आमच्यासारख्यांच्या खुर्च्या गोल मांडतात.
तिथे सांगायला गेले आणि अडले.
त्यांच्याकडे तूही ‘यू’, तुम्हीही ‘यू’.
हरवलं ते दाखवू कसं?
लॉरेनने कॉफी खाली ठेवली.
म्हणाली, चेस्टर मला मॅम म्हणतो,
शनिवारी अंडी वाढली तर टिप ठेवली, पाच डॉलर.
सगळे हसलो.
ती नोट तिने पर्समध्ये वेगळी ठेवलीय.
घडी उलगडून दाखवली, परत घातली.

त्यांनी दिलेल्या कागदावर लिहिलंय,
चूक दुरुस्त करू नका.
“आई कधी येईल?”
“येईल हं. बाजारात गेलीय.”
सासूबाईंना जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली,
मी त्यांना रोज बाजारात पाठवते.
त्यांच्या हयातीत
मीठसुद्धा आणायला सांगायची हिंमत नव्हती.

आणि हेही लिहून ठेवते,
की कधी कधी मी ड्रायर रिकामाच लावते,
आवाजासाठी.
चाळीस मिनिटं मिळतात.
परवा बाहेर आले तर
तो दाराबाहेर स्टुलावर बसलेला.
“मशीन बिघडलंय,” म्हणाला, “आत कुणीतरी रडतंय.
बेअरिंग असेल.
मी बघू का?”

आज सकाळी पोळीचा तुकडा मोडता मोडता थांबला.
“आपलं नाव विचारायचं राहिलं.”

तांदळात अंगठीने ह्यांनीच लिहिलं होतं, शशिकला.
मी वीस वर्षांची, ताट माझ्याकडून उलटं दिसत होतं,
वाचायला वेळ लागला होता.
तेच सांगणार होते.
ओठांवर होतं.

“मंजुळा,” मी म्हटलं.

त्याने दोनदा म्हणून पाहिलं.
हाताने तोलावं तसं.

“छान आहे. कुणी ठेवलं?”
“आत्याने.”
“बदलू नका,” तो म्हणाला,
आणि कॅलिपर शोधायला खिसे चाचपू लागला.